भुताचा पियानो लावणारी चावीबाई

चावीबाईंच्या लग्नाला नऊ महिने झाले, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांना कळलं की आपल्या घरात कान आला आहे.

सासरे पियानो लावून देण्याचं काम करायचे. घराच्या पुढच्या खोलीत एखादा पियानो कायम पोट उघडून उभा असायचा. त्या दिवशी ते एका तारेशी तासभर झटत होते आणि नवी सून आत बटाटे सोलत बसली होती. तिनं आतूनच आवाज दिला, "बाबा, उजवीकडची अजून लोंबतेय."

सासरे चावी तशीच खुंटीवर ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"उजवीकडची, हे तुला कसं कळलं?"

"मघाशी तुम्ही एकेक तार वेगळी वाजवून बघितलीत ना? तेव्हा ऐकली. तिचा आवाज जरा घोगरा आहे. तीच ती."

सासऱ्यांनी बटाट्यांचं पातेलं बाजूला सरकवलं, सुनेला हात धुवायला लावले आणि पुढच्या खोलीत नेऊन तिच्या हातात चावी दिली. पियानोच्या खुंट्या पिळायची ती लोखंडी चावी पुढची एकतीस वर्षं त्या हातातून सुटली नाही. गावानं त्यांचं नावच चावीबाई ठेवलं.

खरं तर हा धंदा सासऱ्यांच्या मुलाकडे, म्हणजे चावीबाईंच्या नवऱ्याकडे जायचा. पण मुलाचं आणि सुरांचं सुतराम नातं नव्हतं. तो सात वर्षांचा असताना वडिलांनी नादकाटा वाजवून त्याच्या कानाशी धरला होता आणि विचारलं होतं, "काय ऐकू येतंय?" पोरगा नीट विचार करून म्हणाला, "माशी." वडिलांनी त्याच दिवशी आशा सोडली. मुलगा पुढे बसचालक झाला आणि त्या कामात खूश होता. इंजिनात जरा खुट्ट झालं तरी त्याला कळायचं, मात्र बायको अख्खी सकाळ घालवून लावलेला पियानो आणि न लावलेला पियानो त्याला सारखाच. "दोन्ही वाजतात की," असं तो म्हणायचा.

चावीबाई शाळांचे, सभागृहांचे आणि घराघरांतले पियानो लावायच्या. बाजारामागच्या नाट्यगृहाचं काम तर वीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. खेळ संध्याकाळचा असला की त्या दुपारी जायच्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर तीन तास टण् टण् करायच्या, झाकण लावायच्या आणि प्रेक्षक यायच्या आत घरी पोचलेल्या असायच्या. आपण लावलेल्या पियानोवर लोक नेमकं काय वाजवतात, हे त्यांनी फारसं ऐकलंच नव्हतं. त्याचं त्यांना वाईटही वाटायचं नाही. पाहुणे यायच्या आत आपलं घर झाडून व्हावं, इतकंच.

चावीबाई चौपन्न वर्षांच्या झाल्या त्या वर्षी नाट्यगृहात एका नव्या संगीत नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. नाटक भुताचं होतं. त्याची गाणी आणि सगळं संगीत एका तिशीच्या मुलीनं रचलं होतं. केस कायम पेन्सिलीनं वर खोचलेले, आणि ती पेन्सिल हवी असली की केस सुटून खांद्यावर यायचे. तिनं चावीबाईंना एका सोमवारी सकाळी बोलावून घेतलं.

रंगमंचाच्या मधोमध एक जुना उभा पियानो ठेवला होता. त्याची पाठ खुर्च्यांकडे होती.

"मावशी, हे भूत आहे," मुलगी म्हणाली.

"हा पियानो?"

"हो. ऐका ना." ती पियानोशेजारी जमिनीवरच मांडी घालून बसली आणि गोष्ट सांगू लागली. एका घरात नवं बिऱ्हाड येतं. आई, बाप आणि दहा वर्षांची मुलगी. वरच्या खोलीत हा पियानो पडलेला असतो. त्या घरात पूर्वी पियानो शिकवणारी एक बाई राहायची, एकटीच. ती गेली, पण पियानोपासून काही हलली नाही. रोज संध्याकाळी ती वाजवते आणि घरातले घाबरतात. शेवटी बाप पियानोला कुलूप घालतो. "भूत दिसत नाही, बोलत नाही, गातही नाही," संगीतकार मुलगी म्हणाली. "भुताचं सगळं काम या पियानोनं करायचं. वाजवणारा याच्या मागे दडून बसेल, म्हणजे लोकांना वाटेल की आपोआप वाजतोय."

"बरं. मग लावून देते. दुपारपर्यंत होईल."

"लावून नकोय मावशी. बिघडवून हवाय."

चावीबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय करून?"

"बिघडवून. बरीच वर्षं कुणी हात लावला नाही, असा वाटला पाहिजे."

"मग मला कशाला बोलावलंस बाळा? उन्हात ठेव चार दिवस. आपसूक बिघडेल."

"उन्हात ठेवला तर रोज वेगळा बिघडेल. मला रोज तोच हवाय. मी त्या बिघाडाला धरून गाणी लिहिली आहेत."

पियानो सुरात राखणं किती कठीण असतं ते चावीबाईंना पाठ होतं. तो बेसुरात राखायचा, आणि रोज त्याच बेसुरात, हे काम त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. नाही म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "बघते."

त्यांनी दुसऱ्या दिवशी दार लावून काम केलं. कुणी ओळखीचं बघेल की काय अशी धाकधूक होती, जणू आपण कुणाच्या घरात शिरून कपाट उचकतोय. ही खुंटी थोडी सैल, ती जरा जास्त, शेजारची उलटी वर. दोन तासांत पियानो पुरता कामातून गेला.

संध्याकाळी तालमीत वाजवणाऱ्यानं भुताचं पहिलं गाणं सुरू केलं. हा वाजवणारा सहा फुटी होता आणि पियानोमागे दडण्यासाठी त्याला घडीच्या खुर्चीसारखं दुमडावं लागायचं. चार सूर झाले असतील नसतील, आईचं काम करणारी नटी तोंडावर हात धरून वळली. मग बाप हसला. दिग्दर्शकाला तालमीत सतत बिस्किटं खायची सवय होती, त्याच्या घशात बिस्कीट अडकलं आणि लोक त्याची पाठ थोपटायला धावले. भूत झिंगून आल्यासारखं वाजत होतं.

संगीतकार मुलगी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "मावशी, हे नाही." तिच्या त्या शांत बोलण्यानं चावीबाईंचा चेहरा कानापर्यंत तापला.

घरी आल्यावर त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. सासरे आता शहाऐंशीचे होते. कानांनी जवळजवळ संप पुकारला होता. डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तर कळायचं. पण सुनेचं काही बिनसलंय हे कळायला त्यांना कानांची गरज नव्हती. जेवताना त्यांनी चमचा खाली ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही बाबा."

"काही नाही म्हणताना तू पोळल्यासारखं करते आहेस."

मग चावीबाईंनी सगळं सांगितलं, डाव्या कानाशी, ओरडून, इतकं की शेजारच्यांनाही कळलं असेल. सांगताना जीव मुठीत होता. बाबांनी जन्मभर एकच शिकवलं होतं, की वाद्य बेसूर सोडून घरी यायचं नाही. आता ते ताट सारून उठणार असंच त्यांना वाटलं.

सासरे म्हणाले, "म्हणजे तू सगळ्या खुंट्या हव्या तशा पिळल्यास."

"हो."

"मग हसणारच लोक. माणूस म्हातारा होतो तेव्हा त्याचा एक डोळा कपाळावर आणि एक हनुवटीवर जातो का गं? असा कुठला पियानो बिघडतो?"

नवरा फस्सकन हसला आणि बापानं बघितल्यावर पाणी प्यायला लागला.

जेवण झाल्यावर सासऱ्यांनी कपाटातल्या वह्या काढायला लावल्या. त्या वह्या चावीबाईंनी हजारदा पुसून ठेवल्या होत्या. त्यांना वाटायचं, कुठल्या पियानोला कुठली तार घातली याची टिपणं असतील. उघडून बघतात तर प्रत्येक पानावर पियानो हात लावायच्या आधी कसा सापडला, ते लिहिलेलं. चाळीस वर्षांत बाबांनी लावलेला प्रत्येक पियानो त्याच्या बिघाडासकट तिथे होता. शाळेतला, रोज मुलं बडवायची तो. दमट तळघरातला. खिडकीशी ठेवलेला. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

"डॉक्टर आधी दुखणं लिहितो, मग औषध," सासरे म्हणाले. "मलाही आधी ऐकून घ्यायची सवय होती. तुला कधी दाखवलं नाही. तू विचारलंच नाहीस."

भिंग डोळ्याला लावून ते तासभर पानं उलटत राहिले. मग एका पानावर बोट ठेवलं. चावीबाईंनी वाचलं: 'अकरा वर्षं बंद. बाई एकट्या. मधल्या तारा जागेवर. बाजूच्या दोन्ही उतरल्या, फार नाही, पण सगळीकडे सारख्या. हेलकावा सेकंदाला एक. लावायचं मन होईना.'

पियानोच्या बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात, आणि हातोडी तिन्हींवर एकदम पडते. तिन्ही एक झाल्या तर सूर सरळ उभा राहतो. एखादी थोडी उतरली तर तो पाण्यावरच्या होडीसारखा हलतो. तोच हेलकावा.

"मधल्या तेवढ्या कशा टिकल्या हो?"

"कुणास ठाऊक. मलाही नाही कळलं. पण सगळा पियानो एकमेकांचा हात धरून हळूहळू खाली गेला होता. मी त्यावर तासभर वाजवत बसलो. मग लावला. त्या बाई म्हणाल्या, छान झालाय, पण आता हा माझा वाटत नाही." सासऱ्यांनी वही मिटली. "लावला नसता तरी चाललं असतं."

बाबांच्या तोंडून असं वाक्य चावीबाईंनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

पुढचे तीन दिवस पुढच्या खोलीत सासरे-सुनेची शाळा भरली. सासरे खुर्ची ओढून पियानोच्या पाठीला टेकून बसायचे आणि लाकडावर तळवा पसरायचे. कानांनी साथ सोडली होती, पण हेलकावा हाताला लागतो, हे त्यांना कधीचं माहीत होतं. चावीबाई मधली तार सोडून बाजूची किंचित उतरवायच्या. सासरे डोळे मिटून बोट हलवायचे, एक... एक... एक. "फार झालं. ती धावतेय. परत वर घे." सुतभर वर. "हां. आता कशी, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. राहू दे." तिसऱ्या दिवशी दुपारी ते इतके खुशीत आले की दोन वेळा चहा मागितला आणि दोन्ही वेळा प्यायचे विसरले.

नाट्यगृहातला पियानो पुन्हा लावायला चावीबाईंना दोन पूर्ण दिवस लागले. सरळ लावायला कधी इतका वेळ लागला नव्हता. आधी त्यांनी सगळ्या मधल्या तारा नादकाट्याशी काटेकोर मिळवल्या. मग बाजूची एकेक तार त्या श्वासावर आणून ठेवली. कामाच्या नादात डबा घरीच राहिला होता. नवऱ्याला सुट्टी होती, तो डबा घेऊन आला आणि तालीम सुरू झालेली बघून मागच्या रांगेत बसला.

वाजवणारा दुमडून आत बसला आणि त्यानं पहिलं गाणं सुरू केलं. कुणी हसलं नाही. आईचं काम करणारी नटी आपलं पुढचं वाक्य बोलायची होती, ती नुसतीच पियानोकडे बघत राहिली. दिग्दर्शकाच्या हातातलं बिस्कीट हातातच राहिलं. सूर बेसूर नव्हता, सुरातही नव्हता. फार दिवस कुणाशी न बोललेल्या माणसाचा आवाज असतो तसा होता. संगीतकार मुलीनं केसातली पेन्सिल काढली, पण लिहिलं काही नाही.

चावीबाईंनी मागे वळून पाहिलं तर नवरा खुर्चीवर नव्हता. तो बाहेर पायऱ्यांवर डबा मांडीवर घेऊन बसला होता.

"काय हो, काय झालं?"

"काही नाही." तो डब्याच्या कडीशी चाळा करत होता. "आई आठवली एकदम. का कोण जाणे."

चावीबाई त्याच्या शेजारी टेकल्या. दोघांनी तिथेच डबा खाल्ला. त्यांनी आयुष्यभर याला कान नाही म्हणून थट्टा केली होती. त्या दिवशी केली नाही.

आता सगळं जमलं असं वाटत असतानाच शेवटचा प्रवेश अडला. शेवटी दहा वर्षांची मुलगी कुलूप उघडते, भूत पुन्हा वाजवतं, आणि आई पहिल्यांदाच न घाबरता त्या सुरावर गाते. सगळा वाद्यवृंद त्यांना येऊन मिळतो. हे गाणं संगीतकार मुलीनं सर्वांत आधी लिहिलं होतं, बाकीचं सगळं त्याच्यासाठी रचलं होतं. पण व्हायोलिनं सरळ सुरात आणि पियानो हेलकावे खाणारा, दोन्ही एकत्र येताच गाणं चिरडल्यासारखं व्हायचं. मुलीनं एकदा खालच्या वाद्यवृंदातल्या चांगल्या पियानोवर ते वाजवून बघितलं. गोड झालं, पण भूत नाहीसं झालं. ती पहिल्या रांगेत कपाळ धरून बसली. प्रयोगाला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावीबाई मधल्या तारा सरकल्या नाहीत ना, ते तपासायला आल्या. त्यासाठी त्या फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, एक लांब पट्टी तारांच्या फटींतून खोचत न्यायच्या. पट्टीनं बाजूच्या तारा दाबल्या जातात आणि मधली एकटी वाजते. एकेक सूर त्या वाजवून बघत होत्या. संगीतकार मुलगी खुर्च्यांमध्ये कुठेतरी पाव खात बसलेली त्यांना दिसलीही नव्हती.

"थांबा!" अंधारातून आवाज आला. "मावशी, हे काय वाजवताय?"

"काही नाही गं. नुसती मधली तार."

मुलगी पाव हातात घेऊनच धावत रंगमंचावर आली. "पुन्हा वाजवा. सगळं वरपासून खालपर्यंत वाजवा."

आवाज बारीक होता, एकेरी, आणि आरपार स्वच्छ. पियानो तोच होता, लाकूड तेच, हातोड्या त्याच. मुलीनं वाकून शेवटच्या गाण्याच्या चार ओळी वाजवल्या आणि स्वतःच हळू आवाजात गायली. मग तिनं चावीबाईंना मिठी मारली, पावासकट.

"ही पट्टी घालायला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं. काढायला दोन सेकंद."

"मध्यंतर पंधरा मिनिटांचं आहे," मुलगी म्हणाली. "दुसऱ्या अंकात पियानो कुलपातच असतो. शेवटच्या प्रवेशापर्यंत कुणाला कळणारही नाही."

वाजवणाऱ्यानं पट्टी घालायचा प्रयत्न करून पाहिला. लांब बोटांचा माणूस, पण पट्टी फाटली, वेळ संपला आणि वरचं सप्तक तसंच राहिलं. तेव्हा उघडच झालं की प्रत्येक प्रयोगाला मध्यंतरात चावीबाईंनाच यावं लागणार. प्रेक्षक आत यायच्या वेळी घरी असणाऱ्या चावीबाई आता प्रेक्षकांसोबत नाट्यगृहात थांबणार होत्या. नवरा म्हणाला, "मी बॅटरी धरायला येतो. मला तसाही सूर कळत नाही, मन लावून उजेड पाडीन."

पहिल्या प्रयोगाला सगळ्या खुर्च्या भरल्या. पहिला अंक चावीबाईंनी पडद्याआड उभं राहून ऐकला. पियानोनं तालमीत घ्यायचा तसाच श्वास घेतला, आणि बाहेर इतक्या लोकांमध्ये साधं कुणी खोकलं नाही. पडदा पडताच त्या आणि नवरा पियानोमागे शिरले. वरची फळी काढली, बॅटरी लागली, फेल्टची पट्टी फटीमागून फटीत जाऊ लागली. बोथट पेचकसानं पट्टी खोचता खोचता त्या वरच्या सप्तकापर्यंत पोचल्या, तोच पहिली घंटा झाली. शेवटच्या फटी भराभर उरकल्या, फळी बाजूला ठेवली आणि दोघं आत पळाले.

दुसरा अंक अर्ध्यावर आला असेल, तेव्हा चावीबाईंच्या डोळ्यांसमोर त्या फटी आल्या, एकामागून एक. त्यांनी नवऱ्याची बाही ओढली.

"अहो," त्या कुजबुजल्या. "एक फट राहिली."

"कुठली?"

"वरची. घंटा झाली तेव्हा मी एक ओलांडून पुढे गेले. तो सूर शेवटच्या गाण्यात येतो. एकदाच येतो, पण अगदी शेवटी, सगळे थांबल्यावर."

"मग आता?"

दोन प्रवेशांच्या मधे दिवे विझले, तेव्हा चावीबाईंनी चपला काढल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि रांगत रंगमंचावर गेल्या. पियानोची पाठ लोकांकडे होती, त्यामुळे त्या कुणाला दिसणार नव्हत्या. आत दुमडलेल्या वाजवणाऱ्याला पडद्याआडून येणाऱ्या अंधुक उजेडात शेजारी अचानक एक बाई दिसली आणि तो खराखुरा दचकला. भुताच्या नाटकात त्या रात्री सर्वांत जास्त घाबरलेला माणूस तोच. चावीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, मग तारांकडे दाखवलं. त्याला कळलं. तो जितका सरकता येईल तितका सरकला.

दिवे आले. पलीकडे नाटकातल्या मुलीनं कुलूप काढल्याचा आवाज झाला. वाजवणाऱ्यानं बोटं ठेवली.

प्रेक्षकांसमोर हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते चावीबाईंनी असं, पियानोच्या पोटात जवळजवळ डोकं घालून. प्रत्येक हातोडी नाकासमोरून उठून तारेवर पडत होती. आईचा आवाज लाकडापलीकडून आला, थोडा कापरा, मग स्थिर. व्हायोलिनं खालून वर आली आणि या वेळी काहीच चिरडलं नाही. गाणं पुढे सरकत होतं आणि त्या आकडे मोजल्यासारखे सूर मोजत होत्या. वाद्यवृंद थांबला. आईनं शेवटचा शब्द सोडून दिला. चावीबाईंनी दोन्ही हातांची बोटं आत घालून राहिलेल्या सुराच्या बाजूच्या दोन तारा हलकेच दाबून धरल्या. हातोडी पडली. मधली तार एकटी वाजली.

ती किती वेळ वाजत राहिली ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांच्या बोटांत बाजूच्या तारांचा कंप चिमणीसारखा फडफडत होता आणि त्यांनी तो सुटू दिला नाही. मग बाहेर आधी काहीच नाही, आणि त्यानंतर टाळ्यांचा असा लोंढा आला की पियानोच्या सगळ्या तारा आपोआप गुणगुणायला लागल्या.

पडदा पडल्यावर वाजवणारा उलगडून उभा राहिला आणि त्यानं चावीबाईंना हात देऊन उठवलं. गुडघे आखडले होते. संगीतकार मुलगी रडत होती आणि तिला अजून काहीच माहीत नव्हतं. सांगितल्यावर ती रडता रडता हसायला लागली. दिग्दर्शकानं आपला बिस्किटांचा पुडा अख्खाच्या अख्खा चावीबाईंच्या हाती दिला. तो कुणाला एकही देत नाही, असं मागाहून कळलं.

नाटक सात महिने चाललं. चावीबाईंचा पट्टी घालायचा वेळ दहा मिनिटांवरून आठवर आला, आणि मग त्या मध्यंतरात नवऱ्याबरोबर घोटभर कॉफी पिऊनही वेळेत पोचायला लागल्या. एका रविवारी दुपारच्या खेळाला सासऱ्यांना आणलं. पहिल्या रांगेत ते रंगमंचाच्या लाकडी कडेवर तळवा ठेवून बसले. परतताना बसमध्ये चावीबाईंना राहवेना. "कसं वाटलं बाबा?"

"खालच्या सप्तकात एक तार धावते आहे," सासरे म्हणाले. मग थोड्या वेळानं खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बाकी माझ्या हातून असं झालं नसतं."

चावीबाईंनी दुसऱ्या दिवशी जाऊन ती तार बघितली. खरंच धावत होती.

त्यानंतर नाटक दुसऱ्या एका मोठ्या शहरात व्हायचं ठरलं. तिथल्या नाट्यगृहाकडे स्वतःचा पियानो लावणारा होता, भिंतीवर तीन प्रमाणपत्रं लावलेला, पांढऱ्या कोटात काम करणारा गृहस्थ. संगीतकार मुलीचा फोन आला, "मावशी, यांना सांगून कळत नाहीये. तुम्ही या." चावीबाई कामासाठी कधी गावाबाहेर गेल्या नव्हत्या. नवऱ्यानं रजा टाकली आणि दोघं सकाळच्या गाडीनं निघाले. नवरा वाटभर त्या गाडीच्या चालकाला मनातल्या मनात गिअर बदलून देत होता.

पांढऱ्या कोटातल्या गृहस्थानं त्यांना अदबीनं खुर्ची दिली. पण चेहऱ्यावरून दिसत होतं की या बाई आपल्याला काय शिकवणार, असा विचार चालला आहे.

"बाई, तीस वर्षं झाली मला या धंद्यात," तो म्हणाला. "बेसूर लावायला शिकवणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"मलाही पहिल्यांदा जमलं नव्हतं. लोक पोट धरून हसले."

"असं?" त्याचा चेहरा जरा सैल झाला. "माझ्याही वेळी हसले. परवाच."

"मग बरोबर चाललंय तुमचं." चावीबाईंनी पिशवीतून स्वतःची चावी काढली, पण खुंटीवर बसवली नाही. ती त्याच्या हातात दिली आणि आपण खुर्ची पियानोच्या पाठीशी ओढून बसल्या. "मधली राहू द्या. तिला हात लावू नका. आता उजवीकडची घ्या खाली. हळू."

त्यानं मनगट वळवलं.

"अजून हळू. धावतेय ती."

त्यानं तार पुन्हा वर घेतली आणि श्वास रोखून केसभर खाली उतरवली. चावीबाईंनी डोळे मिटले. नवरा मागे कुठेतरी रिकाम्या खुर्च्यांत डुलक्या घेत होता. बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली आणि नाट्यगृह पुन्हा शांत झालं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता पुढची."